राष्ट्राध्यक्षांचा एक दिवस: ९ मे १९७० ची सरकारी रोजनिशी

कागदवेडा

परवा रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला आणि निक्सन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शिरलो. पहाटे तीनपर्यंत तिथेच. वाचत होतो तेही एका न झोपलेल्या माणसाचेच कागद.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रत्येक दिवसाची एक सरकारी रोजनिशी असते. ती ते स्वतः लिहीत नाहीत. निक्सन यांच्या काळात राष्ट्रीय अभिलेखागाराची माणसं व्हाइट हाउसमध्ये बसून ती तयार करायची. सीक्रेट सर्व्हिसच्या हालचालींच्या नोंदी, टेलिफोन ऑपरेटरांच्या नोंदी, भेटीला आलेल्यांच्या याद्या असं सगळं जुळवायचं आणि छापील तक्त्यावर टंकायचं. वर तारीख, वार आणि दिवस कुठे सुरू झाला ते ठिकाण. डावीकडे सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ. मग फोनचा बारीक रकाना: 'पी' म्हणजे यांनी लावलेला, 'आर' म्हणजे यांना आलेला. उरलेल्या जागेत एका ओळीत काम. विशेषण औषधालाही सापडत नाही.

९ मे १९७०, शनिवार. आधीचे दहा दिवस आठवा. ३० एप्रिलला निक्सन यांनी कंबोडियात फौज घातल्याचं जाहीर केलं. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले. ९ तारखेला वॉशिंग्टनमध्ये लाखभर निदर्शक जमणार म्हणून व्हाइट हाउसभोवती बसगाड्या एकीला एक चिकटवून कडं केलेलं. ८ च्या रात्री दहाला पत्रकार परिषद झाली, आणि नंतर फोनांची जी रांग लागली ती पहाटे चारच्याही पुढे गेली. मध्ये थोडीशी झोप. पन्नासच्या आसपास फोन! सुरक्षा सल्लागार किसिंजर आणि व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ हॉल्डमन तर पुन्हा पुन्हा. धर्मोपदेशक बिली ग्रॅहम, पत्रकार हेलन थॉमस, कोणी सुटलं नाही.

पहाटे ४:३५ च्या सुमारास स्वारी मोटारीने लिंकन स्मारकाकडे निघाली. तिथून संसद भवन, तिथून मेफ्लॉवर हॉटेलात नाश्ता, साडेसातला परत. तक्त्यात हे सगळं चार-सहा ओळींत उरकलंय. स्मारकाच्या पायऱ्यांवर ते आंदोलक विद्यार्थ्यांशी बोलत उभे होते, सोबत खासगी सेवक मानोलो सांचेझ आणि घाबरलेले मूठभर सुरक्षारक्षक. काय बोलले याचं अक्षरही तक्त्यात नाही.

प्रश्न असा की अशा कागदावर किती भिस्त ठेवायची? यातून तो दिवस कळतो, की माणूस कुठे होता एवढंच?

तिरपागडे

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे हुबेहूब हेच रजिस्टर आहे. इन, आउट, कामाचे स्वरूप. कामाचे स्वरूप या रकान्यात गेली सहा वर्षं सगळ्यांनी एकच शब्द लिहिलाय: पर्सनल.

मृदगंध

छान धागा. वाचतेय. पण हे ते 'प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ' का? ११ सप्टेंबरच्या आधी ज्यात बिन लादेनचा इशारा होता ते?

कागदवेडा

@मृदगंध, नाही, नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. तुम्ही म्हणताय ते गुप्तचर खात्याचं रोजचं टिपण. ६ ऑगस्ट २००१ चं गाजलेलं टिपण त्यातलंच. ते राष्ट्राध्यक्षांनी वाचायचं असतं. मी म्हणतोय ती रोजनिशी राष्ट्राध्यक्षांबद्दल असते. ते टिपण गोपनीय असतं, राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि जॉन्सन यांच्या वेळची अडीच हजार टिपणं खुली व्हायला २०१५ साल उजाडलं.

शनिवारपेठी

मूळ प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालंय. बखर विरुद्ध अस्सल कागद. बखरकार मागाहून लिहिणार, धनी खूश होईल असं लिहिणार, दहा हजारांचे लाख करणार. दफ्तरातल्या कारकुनाला हे करायचं कारण नाही. आज अमुक सरदारास इतके रुपये दिले, अमुक गावी मुक्काम झाला, संपलं. राजवाड्यांनी गाडीभर दप्तरं तपासली ती याचसाठी, आणि सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले तेही याचसाठी. निक्सनचं आत्मचरित्र ही बखर आणि हा तक्ता म्हणजे रोजकीर्द. मी डोळे मिटून तक्ता उचलेन.

साखरांबा

@शनिवारपेठी, डोळे मिटून उचलाल म्हणूनच गडबड होईल. कारकुनाला खोटं लिहायचं कारण नसतं हे कोणी सांगितलं? रोजकीर्दीत पैसे असतात, आणि जिथे पैसे तिथे खोटं लिहायला चिकार कारणं. मी लेखापरीक्षणात वीस वर्षं घासलीत.

शनिवारपेठी

@साखरांबा, मान्य, पण तुम्ही ते खोटं कशाच्या आधारावर पकडत होता? दुसऱ्या वहीच्याच ना? आत्मचरित्राच्या आधारावर पकडलेलं एक उदाहरण द्या, मिसळ माझ्याकडून.

ट्रंकबाई

मी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर २९ वर्षं काढली, म्हणून या 'पी' आणि 'आर'वर मला बोलायलाच हवं.

आमच्याकडे प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी असे. कोणत्या नंबरवरून, कोणत्या गावचा कोणता नंबर मागितला, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, पीपी असेल तर कोणाला बोलवायचंय त्याचं नाव, बुकिंगची वेळ, जोडल्याची वेळ, तोडल्याची वेळ. डाव्या हातात कॉर्ड, उजव्या हातात पेन्सिल, नजर समोरच्या घड्याळावर. तीन मिनिटं झाली की "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" एवढं विचारायला लाइनीवर जायचं. दोन्ही टोकांचं काय चाललंय ते कानावर पडतंच हो, आम्हाला काय कान नव्हते? पण चिठ्ठीवर त्यासाठी जागाच नव्हती. कोणाच्या घरी मयत झालीय, कोणाचं लग्न मोडलंय, सगळ्यांची चिठ्ठी सारखीच.

आता गंमत सांगते. रात्रपाळीला एकाच माणसाने एकाच नंबरला पाच-सहा वेळा कॉल लावला की आम्ही एकमेकींकडे बघायचो. शब्द ऐकायची गरजच पडत नसे. पहाटे तीनला लोकांना उठवणाऱ्या तुमच्या त्या साहेबाच्या पन्नास ओळी बघून मला त्याची अवस्था जितकी कळली तितकी भाषणातून कळली नसती. व्हाइट हाउसच्या त्या ऑपरेटर बायकांनीही एकमेकींकडे बघितलंच असेल.

अंतू

ट्रंकबाई, दंडवत. धाग्याचे पैसे इथेच वसूल.

कागदवेडा

काकू, काय लिहिलंय तुम्ही! मी त्या ओळी मोजत बसलो होतो, एका खाली एक बघितल्याच नव्हत्या.

मृदगंध

मी काल रात्री बसून दुसरी बाजू वाचली. निक्सननी त्या पहाटेबद्दल स्वतः एक लांबलचक टिपण सांगून लिहून घेतलंय, १३ मे रोजी, हॉल्डमनसाठी. कारण वर्तमानपत्रांत असं आलं की विद्यार्थी युद्धाविरुद्ध जीव तोडून बोलायला आले आणि हे गृहस्थ फुटबॉल आणि सर्फिंगवर बोलत बसले. सिराक्यूज विद्यापीठाची मुलं म्हणाली, आमचं विद्यापीठ संपावर आहे आणि हे आम्हाला आमच्या फुटबॉल संघाबद्दल विचारतात.

निक्सन टिपणात म्हणतात की ते सुरुवातीला मुलांना मोकळं वाटावं म्हणून होतं, पुढे मी बऱ्याच गंभीर गोष्टी बोललो. तरुणपणी प्रवास करा असं त्यांनी मुलांना सांगितलं, आणि त्यात भारतही आहे! भारत भयंकर गरीब आहे पण त्याचा इतिहास, तत्त्वज्ञान आणि एक गूढपणा आहे तो समजून घ्यायला हवा, अशा अर्थाचं. लिंकनच्या पायाशी, पहाटे पाचला, केंट स्टेटनंतर पाच दिवसांनी. मला हसावं की रडावं कळेना.

टिपणातला एक तुकडा मात्र मला खरा वाटतो. झोप येत नाही म्हणून ते रॅकमॅनिनॉफची तबकडी लावून बसले होते, आवाज ऐकून मानोलो आला. यांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, लिंकन स्मारक रात्री कधी पाहिलंयस का? तो म्हणाला नाही. कपडे चढव, जाऊ या. हे तक्त्यात कधीच आलं नसतं. म्हणून शनिवारपेठी, तुमच्या बखरीलाही जरा जागा ठेवा.

शनिवारपेठी

@मृदगंध, ठेवली. माळ्यावर.

न्यूजर्सीकर

या प्रसंगातलं माझं आवडतं पात्र म्हणजे एगिल क्रोग. व्हाइट हाउसमधला तीस वर्षांचा पोरगा, त्या रात्री ड्यूटीवर. वायरलेसवर ऐकतो की 'सर्चलाइट' हिरवळीवर आलाय. सर्चलाइट हे निक्सनचं सांकेतिक नाव. याची तंतरली. धावत स्मारकावर.

हाच क्रोग सात महिन्यांनी पुन्हा एका दिवसाच्या कागदांत भेटतो. २१ डिसेंबर १९७०. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास एल्व्हिस प्रेस्ली स्वतः व्हाइट हाउसच्या फाटकावर आला आणि विमान कंपनीच्या कागदावर हाताने लिहिलेलं पत्र देऊन गेला. म्हणणं काय, तर अमली पदार्थांविरुद्ध मदत करतो, मला त्या खात्याचा बिल्ला द्या. मग आतल्या आत टिपणं फिरली. एकात निक्सनचे सहाय्यक ड्वाइट चेपिन यांनी सुचवलं की सरकारबाहेरच्या हुशार तरुणांना भेटायचं असेल तर प्रेस्लीपासून सुरुवात करता येईल. समासात हॉल्डमनचा शेरा: चेष्टा करताय का! आणि तळाशी त्याच हॉल्डमनची मंजुरी. दुपारी साडेबाराला भेट. एल्व्हिसने भेट म्हणून पिस्तूल आणलेलं. भेटीचं इतिवृत्त लिहिलं क्रोगने. त्यात एल्व्हिस बीटल्सवर तोंडसुख घेतो ते मुळातून वाचण्यासारखं आहे. त्या भेटीचा फोटो म्हणजे अभिलेखागाराकडे सगळ्यात जास्त मागणी असलेलं चित्र.

एक समास, एक शेरा. हॉल्डमन कोण होता हे कळायला मला तेवढं पुरलं.

टांगेवाला

पुढे वॉटरगेटवाल्या 'प्लंबर' टोळीत, म्हणजे माहितीची गळती रोखायला व्हाइट हाउसने बनवलेल्या टोळीत, क्रोगच होता ना? तुरुंगात गेला तो?

न्यूजर्सीकर

@टांगेवाला, हो तोच. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद फोडणाऱ्या एल्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या घरफोडीचं प्रकरण. गुन्हा कबूल केला आणि साडेचार महिने आत होता.

साखरांबा

आता माझ्या मुद्द्यावर या. २० जून १९७२. वॉटरगेटच्या इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात चोर पकडले गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि हॉल्डमन भेटले. तोवर निक्सननी कार्यालयांत ध्वनिमुद्रणाची यंत्रं बसवलेली होती, फेब्रुवारी १९७१ पासून. म्हणजे १९७० च्या त्या पहाटेसारखी अवस्था नाही, इथे शब्दन् शब्द फितीवर हवा. आणि नेमकी याच भेटीच्या फितीत साडेअठरा मिनिटांची नुसती घरघर! सचिव रोझ मेरी वूड्स म्हणाल्या, फोन घेताना पायाखालचा पेडल दाबलेला राहिला असेल, पण तेही पाचेक मिनिटं. तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की एकदा नाही, निदान पाच वेळा वेगवेगळं पुसलंय.

आता बघा मजा. फीत पुसता आली. पण दोघं त्या वेळी त्या खोलीत होते ही रोजनिशीतली ओळ कोण पुसणार? शिवाय हॉल्डमनची हस्तलिखित टाचणं राहिली, त्यात वॉटरगेट आणि जनसंपर्काचा हल्ला चढवण्याच्या गोष्टी आहेत. तीन कागद तीन जणांच्या हातात होते म्हणून चोरी पकडली गेली. लेखापरीक्षणात पहिल्या दिवशी हेच शिकवतात: गेटची नोंद, गोदामाची नोंद आणि बिल, तिन्ही तीन वेगळ्या माणसांकडे हव्यात.

शनिवारपेठी

@साखरांबा, म्हणजे शेवटी दुसऱ्या वहीनेच पकडलं. मिसळ वाचली माझी.

परदेशी_पाहुणा

मग ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ चं काय? संसदेच्या चौकशी समितीला त्या दिवसाच्या फोनच्या ज्या नोंदी मिळाल्या त्यांत सकाळी ११:१७ ते संध्याकाळी ६:५४ काहीच नाही. ७ तास ३७ मिनिटं. साडेअठरा मिनिटं लिंबूटिंबू वाटतील. आणि रोजनिशीत त्या दुपारी काय आहे, तर १:२१ ला राष्ट्राध्यक्ष आपल्या सेवकाला भेटले. बाहेर संसद भवनावर जमाव चालून जातोय.

अंतू

पॉपकॉर्न घेऊन बसलो. आता धागा शंभरी गाठणार.

न्यूजर्सीकर

@परदेशी_पाहुणा, त्या वेळात ट्रम्प फोनवर बोलले हे पलीकडच्या लोकांनीच सांगितलंय, म्हणजे फोन झाले, नोंद नाही. ऑपरेटरच्या वहीत ऑपरेटरमार्फत गेलेला फोनच येणार. मोबाईल आला आणि ट्रंकबाईंची चिठ्ठी गेली. निक्सनच्या हातात तेव्हा स्मार्टफोन असता तर आज ९ मे १९७० ची ती रात्र कोरी दिसली असती.

कागद मिळाले हे मात्र महत्त्वाचं. निक्सननंतर १९७४ मध्ये फक्त त्यांच्या कागदांसाठी कायदा झाला, आणि १९७८ च्या कायद्याने १९८१ पासून राष्ट्राध्यक्षांचे सरकारी कागद ही राष्ट्राची मालमत्ता ठरली. त्याआधी ते घरी घेऊन जायचे, खुशाल! २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांची विनंती नाकारली, तेव्हा अभिलेखागाराने कागद समितीला दिले.

संपादक

ट्रम्प यांच्यासाठी चार धागे आधीच वाहताहेत. इथे रोजनिशीवर बोलू या.

टांगेवाला

विषय हलका करतो. २० जुलै १९६९ चा तक्ता बघा. रात्री पावणेबाराची नोंद: राष्ट्राध्यक्षांनी चंद्रावरच्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्याशी आंतरग्रहीय संभाषण केलं! फोनच्या रकान्यात लोकल की लाँग डिस्टन्स हे ठरवणाऱ्या कारकुनाची काय त्रेधा उडाली असेल.

तिरपागडे

चंद्र ग्रह कधीपासून झाला? उपग्रह आहे तो. एवढी एक विशेषणासारखी गोष्ट लिहायला मिळाली, तीही चुकीची.

शनिवारपेठी

@तिरपागडे, आपल्याकडे नवग्रहांत चंद्र आहे. कारकून पंचांग बघून लिहीत असेल.

मृदगंध

त्याच फायलींमध्ये १८ जुलैचं निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांचं टिपण आहे, अंतराळवीर परत येऊ शकले नाहीत तर करायच्या भाषणाचा मसुदा. भाषणाआधी राष्ट्राध्यक्षांनी होऊ घातलेल्या विधवांना फोन करावा, अशी सूचना. म्हणजे त्या रात्री तक्त्यात दुसरेच फोन असू शकले असते. ते वाचल्यावर मला तुमचा विनोद पुरला नाही.

ट्रंकबाई

आमच्याकडे तेव्हा २१ तारखेची सकाळ होती, सव्वानऊ. शेजारच्यांच्या रेडिओपाशी अख्खी चाळ. मी कॉलेजात होते. आई म्हणाली, त्याला म्हणावं तिथे धूळ फार आहे, चपला बाहेर काढ.

नर्मदा

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय असतं. आई प्रत्येक चौकोनात लिहायची: दूध १, दूध दीड, बाई नाही, गॅस लावला, इस्त्री १४ कपडे. बाबा गेले त्या महिन्याचं पान मी जपून ठेवलंय. त्या पंधरवड्यात दूध १, दूध १, दूध अर्धा, दूध नाही, दूध नाही, दूध ४. बाकी काही नाही. ४ का, तर तेराव्याला माणसं होती. आईला त्या दिवसांतलं विचारलं तर ती दरवेळी वेगळं सांगते, आणि प्रत्येक वेळी तिला ते खरंच वाटत असतं. पान मात्र तेवढंच सांगतं. मी भांडणात कधीच पान काढत नाही.

अंतू

...

साखरांबा

नर्मदाताई, लिहीत राहा.

कागदवेडा

सगळे प्रतिसाद वाचून पुन्हा तो तक्ता उघडला. माझा प्रश्नच थोडा चुकला होता असं वाटतंय. हा कागद एकटा वाचायचा नसतोच. मेफ्लॉवरची ओळ घ्या. तक्त्यात ती नुसती जाण्या-येण्याची वेळ. तिच्याशेजारी निक्सन यांचं टिपण ठेवलं की कळतं, त्यांनी कॉर्न्ड बीफ हॅश आणि अंडं मागवलं. त्याआधी संसद भवनात मानोलोला सभापतींच्या खुर्चीत बसवून भाषण करायला लावलं. हॉटेलातून चालत परत जायचा हट्ट धरला होता, सोबतच्यांनी करू दिला नाही. आणि हॉल्डमनने स्वतःच्या खासगी रोजनिशीत लिहून ठेवलं की आजवरचा सगळ्यात विचित्र दिवस. तक्त्यातल्या वेळा नसत्या तर हे सगळं मला थापांसारखं वाटलं असतं. उलट नुसत्या वेळांवरून मला वाटलं होतं, माणूस सकाळी फिरायला गेला असेल.

शनिवारपेठी, जॉन्सन यांच्या रोजनिशीतही डोकवा. ती दाराबाहेर बसणाऱ्या सचिव मंडळी लिहायच्या, आणि मधूनच स्वतःचं निरीक्षण टाकून द्यायच्या. रोजकीर्दीत बखर घुसलेली आहे, तुमचा रक्तदाब वाढेल.

शनिवारपेठी

आज रात्रीच बघतो. गोळी घेऊन.

तिरपागडे

एवढं सगळं झालं, पण मेफ्लॉवरचं बिल कोणी दिलं? पहाटे चारला कपडे चढवून निघालेल्या माणसाच्या खिशात पाकीट असेल असं वाटत नाही. बहुतेक मानोलोनेच दिलं असणार. तक्त्यात तो रकानाच नाही.

साखरांबा

@तिरपागडे, वा! लेखापरीक्षणात या.